एका मार्कात कारखाना, लाल टोपीच्या बुटक्यांसकट

प्रश्न : ‘गुड बाय, लेनिन!’ हा जर्मन चित्रपट नुकताच पाहिला, फार आवडला. त्यानंतर कुठंतरी वाचनात आलं की, दोन जर्मनी एक झाल्यावर पूर्वेकडचे सरकारी कारखाने एकेका मार्काला विकले गेले. हे खरं की सांगोवांगी? आमचं गाव यंत्रमागांचं, त्यामुळं बंद कारखाना आम्हाला नवा नाही. पण एका मार्कात कारखाना हे ऐकून हसावं की रडावं कळेना. आणि खरं असेल तर यावर एखादा फर्मास विनोदी चित्रपट निघायला हवा होता. निघाला का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मार्क खरा आणि चित्रपटही निघाला. आधी चित्रपटाचं सांगतो, मार्काचं प्रकरण जरा किचकट आहे.

तुम्ही पाहिलेल्या चित्रपटातली काकडीच्या लोणच्याची बरणी आठवत असेल. आई बेशुद्ध असतानाच तिचा देश उरकलेला असतो, आणि तिला धक्का बसू नये म्हणून मुलगा आलेक्स कचऱ्यातून जुन्या बरण्या हुडकून आणतो, त्यांत हॉलंडच्या काकड्या भरतो आणि ‘ही घे आपली श्प्रेवाल्डची’ म्हणून पुढं करतो. दिग्दर्शक वोल्फगांग बेकरनं २००३ साली हा प्रसंग असा रंगवला की जग हसलं. पण नीट पाहिलंत तर त्यात बरणी आहे, बरणी भरणारा कारखाना नाही. दुकानाच्या फळ्या महिन्याभरात कशा बदलल्या ते दिसतं. फळीमागं राबणारी माणसं कुठं गेली, ते चित्रपट ओझरतं सांगून पुढं सरकतो. त्या काळावरच्या बहुतेक विनोदपटांची हीच गत आहे. मालावर आणि मोटारीवर विनोद भरपूर, कारखान्याच्या फाटकातून आत कुणी फारसं जात नाही. (श्प्रेवाल्डच्या काकड्या मात्र तगल्या. आपण ज्याला जीआय म्हणतो तसं संरक्षण त्यांना युरोपात १९९९ पासून आहे.)

आत जाणारा चित्रपट १९९२ चा, ‘गो ट्राबी गो’चा दुसरा भाग. पहिल्या भागात बिटरफेल्डचा शिक्षक उडो श्ट्रुट्स बायको-मुलीला ट्राबांट गाडीत घालून इटलीला जातो, कारण जर्मन महाकवी गटे तिकडं गेला होता आणि आता सरहद्द उघडली आहे. चित्रपट तिकीटबारीवर चांगला चालला, म्हणून दुसऱ्याच वर्षी पुढचा भाग आला. त्यात कुटुंब गावी परततं तर घराचा बळी गोल्फच्या मैदानासाठी गेलेला. नशिबानं एका नातेवाइकाकडून वारसाहक्कानं एक कारखाना पदरात पडतो. कसला? बागेत ठेवायच्या लाल टोपीच्या, दाढीवाल्या बुटक्यांचा. कारखाना मोडकळीला आलेला, डोक्यावर कर्ज, आणि पश्चिमेकडून आलेल्या गोड बोलणाऱ्या मंडळींची त्यावर नजर.

चित्रपट म्हणून हा भाग बेताचाच. विनोद ढोबळ, खलनायक पुठ्ठ्याचे, आणि शेवट गोड करायची घाई. पण बुटक्यांची निवड मात्र नेमकी. हे बुटके म्हणजे जर्मन मध्यमवर्गीय अंगणाची खूण, आणि त्यांचं मूळ गाव समजलं जाणारं ग्रेफेनरोडा हे पूर्वेकडच्याच थुरिंगियात. आता असा माल बाजारभावानं किती किमतीचा, तो बनवणाऱ्या बायाबापड्यांचं कौशल्य किती मोलाचं आणि कारखान्याखालची जमीन किती मोलाची, या तीन प्रश्नांची तीन निरनिराळी उत्तरं येतात. त्या काळातल्या प्रत्येक विक्रीमागं हीच भानगड होती.

उडोचं काम करणारा नट वोल्फगांग श्टुम्फ हा मुळात ड्रेस्डेनच्या व्यंगनाट्याच्या रंगमंचावरचा. सतरा वर्षांनी, २००९ च्या ‘सलामी अलैकुम’मध्ये तो पुन्हा एका बंद कारखान्याच्या आसपास दिसतो. दिग्दर्शक अली समदी अहदी, इराणी वंशाचा जर्मन. नायक मोहसेन हा कोलोनमधल्या इराणी खाटकाचा मुलगा. त्याला बकरं कापवत नाही, दोन सुयांवर विणकाम मात्र आवडतं. पोलंडहून स्वस्तात मेंढ्या आणायला निघालेला हा गडी गाडी बंद पडल्यानं पूर्वेकडच्या एका खेड्यात अडकतो. गावातली कापडगिरणी कधीच बंद पडलेली. प्रेमात पडलेला मोहसेन ‘आपण कापडाच्या धंद्यातले’ अशी एक थाप मारतो आणि कालपर्यंत त्याच्याकडं तिरक्या नजरेनं बघणारं गाव त्याला डोक्यावर घेतं. गुंतवणूकदार आला! मुलीच्या बापाच्या भूमिकेत श्टुम्फ. हा चित्रपट मला बुटक्यांच्या चित्रपटापेक्षा सरस वाटतो, कारण त्याला कारखान्यापेक्षा वाट पाहण्याचा विनोद कळला आहे. विक्रीला वीस वर्षं होत आली तरी गाव अजून फाटकाकडं डोळे लावून आहे, आणि येणारा माणूस पैसेवाला असेल तर त्याचा रंग, धर्म, भाषा सगळं चालतं.

सगळ्यांत जहाल चित्रपट मात्र यांच्याही आधीचा. ३ ऑक्टोबर १९९० ला देश एक झाला आणि दोन महिन्यांच्या आत दिग्दर्शक क्रिस्टोफ श्लिंगेन्झीफनं ‘द जर्मन चेनसॉ मॅसकर’ पडद्यावर आणला. त्यात पश्चिमेकडचं एक खाटीक कुटुंब सरहद्द ओलांडून येणाऱ्या पूर्वेकडच्यांचे सॉसेज करतं. बस, एवढीच गोष्ट. रक्ताचं वावडं असेल तर वाटेला जाऊ नका. पुढं चार वर्षांत कारखान्यांचं जे झालं ते पाहता, ही थट्टा किळसवाणी असली तरी अगदीच हवेतली नव्हती असं म्हणणारे पूर्वेकडं अजून भेटतात.

आता तुमचा मार्क.

विकणारी संस्था एकच होती, ट्रॉयहांड. १ मार्च १९९० ला, म्हणजे पूर्व जर्मनी अजून शाबूत असताना तिथल्याच सरकारनं ती काढली. मूळ कल्पना मांडणाऱ्या नागरिक चळवळीतल्या लोकांना वाटत होतं की, जनतेच्या नावावर असलेल्या मालमत्तेत जनतेला खरोखरच हिस्सा मिळावा. ते बाजूला पडलं. त्याच वर्षी १७ जूनला नवा कायदा झाला आणि सांभाळणारी संस्था विकणारी झाली. तिच्या ताब्यात सुमारे साडेआठ हजार कंपन्या आणि त्यांत कामाला सुमारे ४० लाख माणसं. पोलादापासून हॉटेलांपर्यंत सगळं. पहिल्या प्रमुखांपैकी डेट्लेफ रोव्हेडर यांनी या साऱ्या ‘सॅलड’ची किंमत ६०० अब्ज मार्क लावली होती. १९९४ च्या अखेरीस संस्थेनं गाशा गुंडाळला तेव्हा हिशेबात नफा नव्हता. सुमारे २५६ अब्ज मार्कांचा खड्डा होता. रोव्हेडर तो पाहायला राहिले नाहीत. १ एप्रिल १९९१ ला ड्युसेलडॉर्फमधल्या घराच्या खिडकीतून त्यांना गोळी घालण्यात आली. जबाबदारी ‘रेड आर्मी फॅक्शन’ या अतिरेकी संघटनेनं घेतली, मारेकरी आजतागायत सापडलेला नाही. त्यांच्या जागी बिर्गिट ब्रॉयेल आल्या आणि विक्रीचा वेग वाढला.

कार्यालयाची जागाही पाहा. बर्लिनमधली ती अवाढव्य इमारत मुळात नाझी नेता गोरिंगच्या हवाईदल मंत्रालयासाठी बांधलेली. मग पूर्व जर्मनीच्या मंत्रालयांनी ती वापरली. १९५३ च्या जूनमध्ये संतापलेले कामगार याच इमारतीसमोर जमले होते, आणि त्या उठावाचा दिवस म्हणून जर्मनीत ओळखला जातो तो १७ जूनच. आज तिथं अर्थमंत्रालय आहे आणि इमारतीला रोव्हेडर यांचं नाव आहे. पटकथाकारानं हे सगळं एकाच वास्तूत कोंबलं असतं तर निर्मात्यानं ‘अतिच होतंय’ म्हणून परत पाठवलं असतं.

एक मार्क कसा ठरतो ते बुटक्यांच्या कारखान्यावरच बघू. १ जुलै १९९० ला पूर्वेकडं पश्चिमेचा मार्क आला. पगार एकास एक दरानं बदलले. त्या रात्रीपर्यंत पश्चिमेकडून एक मार्क कमवायला पूर्वेच्या कारखान्यांना सरासरी चार मार्कांहून जास्त खर्च करावा लागत होता. म्हणजे बुटका तोच, साचा तोच, रंगवणारी बाई तीच, आणि एका रात्रीत बुटका चौपट महाग. सोव्हिएत संघ आणि शेजारचे देश हे हक्काचं गिऱ्हाईक. आता त्यांनाही कडक चलनात पैसे मोजायचे, ते कुठून मोजणार? शिवाय घरच्या गिऱ्हाइकाला पश्चिमेचा बुटका हवा होता, तो वाईट असला तरी.

त्यात कर्ज. जुन्या व्यवस्थेत कारखान्याचा नफा सरकार काढून घ्यायचं आणि नवं यंत्र घ्यायचं तर बँकेकडून कर्ज म्हणून परत द्यायचं. एका खिशातून दुसऱ्या खिशात, त्यामुळं कुणाला त्याची फिकीर नव्हती. नव्या चलनात ही कर्जं दोनास एक दरानं निम्मी झाली, पण खरी झाली. त्यांवर बाजारभावानं व्याज चढू लागलं. जमीन रसायनांनी नासलेली असेल तर ती साफ करायचा खर्च कुणाच्या बोकांडी बसेल हे कुणालाच ठाऊक नाही. अशा स्थितीत घेणारा म्हणतो : कारखाना घेतो, कर्ज तुम्ही फेडा, जमीन तुम्ही साफ करा, मी इतकी माणसं ठेवीन आणि इतके पैसे घालीन असं लिहून देतो. आणि किंमत? एक मार्क. करार कायद्यानं पक्का व्हायला काहीतरी किंमत लागते म्हणून एक. काही व्यवहारांत तर किंमत शून्याच्या खाली गेली, म्हणजे घेणाऱ्यालाच वर पैसे द्यावे लागले.

तेव्हा ‘एका मार्कात लुटला’ ही ओरड दर वेळी बरोबर नाही. कर्जासकट घेतला तर एक मार्कही जास्त ठरू शकतो. माझ्या मते खरी गोम किमतीत नव्हती, घेणाऱ्यांच्या रांगेत होती. पूर्वेकडच्या प्रौढ माणसाला बचतीतले ४,००० मार्क एकास एक बदलून मिळाले, पुढचे निम्म्या दरानं (साठीपुढच्यांना मर्यादा थोडी जास्त). एवढ्या पैशात जुनी मोटार येते, कारखाना नाही. बँका त्यांना ओळखत नव्हत्या आणि तारण ठेवायला त्यांच्याकडं काही नव्हतं. परिणामी विकलेल्या उद्योगांपैकी स्थानिकांच्या वाट्याला आले जेमतेम पाच-सहा टक्के. बहुतांश गेले पश्चिम जर्मनीकडं. आणि पश्चिमेकडच्या ज्या कंपनीला बुटक्यांचा धंदा कळतो, ती आधीच बुटके बनवत असणार. तिला दुसरा कारखाना हवा असतो की दुसऱ्या कारखान्याचं गिऱ्हाईक?

बिशोफेरोडची खाण हे याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण. थुरिंगियातलं छोटं गाव, खतासाठी लागणाऱ्या पोटॅशची खाण. माल चांगला, पश्चिम युरोपात ठरलेलं गिऱ्हाईक. तरी पूर्वेकडचा सगळा पोटॅश उद्योग पश्चिमेच्या ‘काली उंड झाल्झ’ कंपनीत विलीन करायचं ठरलं आणि ही खाण बंदच्या यादीत गेली. विलीनीकरणात ट्रॉयहांडनं वर अब्जभर मार्क घातले. एक मध्यम उद्योजक खाण चालवायला घ्यायला तयार होता, त्याला नकार मिळाला. १ जुलै १९९३ ला कामगार उपोषणाला बसले, आणि ते अडीच महिन्यांहून जास्त चाललं. वर्ष संपता संपता खाण बंद झाली. ज्या करारानं हे झालं तो वीसेक वर्षं जनतेला वाचायला मिळाला नाही. यावर विनोदी चित्रपट काढायची हिंमत कुणाला झालेली दिसत नाही, आणि ते बरंच झालं.

विनोद हवा असेल तर फ्रिजचा घ्या. सॅक्सनीत शार्फेनश्टाइनचा फ्रिजचा कारखाना १९९२ च्या उन्हाळ्यात मोडीत निघायच्या बेतात होता. तेवढ्यात ग्रीनपीसवाले आले आणि म्हणाले, ओझोनच्या थराला भोक पाडणाऱ्या वायूऐवजी प्रोपेन-ब्युटेनवर चालणारे दहा नमुने बनवून द्या, पैसे आम्ही देतो. पर्यावरणवाले भांडवल पुरवणार आणि समाजवादी कारखाना वाचणार! बड्या पश्चिमी कंपन्यांनी ‘स्वयंपाकघरात गॅसचा स्फोट होईल’ अशी आवई उठवली. ग्रीनपीसनं आगाऊ मागण्या गोळा केल्या, त्या ७० हजारांच्या घरात गेल्या. ट्रॉयहांडला कारखाना मोडीत काढणं थांबवावं लागलं आणि १९९३ च्या मार्चपासून उत्पादन सुरू झालं. त्यानंतर आवई उठवणाऱ्यांनीही तेच तंत्र उचललं. मूळ कंपनी, तोवर तिचं नाव ‘फोरॉन’ झालं होतं, १९९६ मध्ये दिवाळखोरीत गेली. तुमच्या घरी फ्रिज अलीकडचा असेल तर मागची किंवा आतली पट्टी वाचा. बहुधा ‘आर ६००ए’ असं लिहिलेलं सापडेल. तो आयसोब्युटेन, त्याच घराण्यातला वायू.

आणि प्रहसन हवं असेल तर ‘ब्रेमर फुल्कान’. या पश्चिमी जहाज कंपनीनं पूर्वेकडचे गोदी-कारखाने घेतले, ते सावरायला मिळालेल्या अनुदानातले सुमारे ८५ कोटी मार्क पश्चिमेकडच्या आपल्याच खड्ड्यात ओतले, आणि १९९६ मध्ये तीच बुडाली.

सगळंच काळं नव्हतं हेही नोंदवायला हवं. फ्रायबुर्गची ‘रोटकेप्शेन’ ही फेसाळ वाइनची कंपनी १९९३ मध्ये तिथल्याच व्यवस्थापकांनी घेतली आणि २००२ मध्ये तिनं पश्चिमेचा नामांकित ‘मुम’ ब्रँड विकत घेतला. पूर्वेकडं हा किस्सा दोन घोट जास्त घेऊन सांगतात.

प्रश्न : माझ्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. कपाट आवरताना ‘ऑर्वो एनपी २२’चे दोन न वापरलेले रोल सापडले, खोक्यावर ‘मेड इन जीडीआर’. ही कंपनी कुठली, तिचं काय झालं, आणि हे रोल आता चालतील का?
— एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : तुमचं पत्र वरच्या पत्राच्या पाठोपाठ आलं हे झकास झालं, कारण वरच्या चित्रपटातला उडो जिथला, त्या बिटरफेल्डच्या शेजारचंच हे प्रकरण. गाव वोल्फेन. (२००७ पासून दोन्ही मिळून एकच शहर आहे.) तिथं आग्फानं १९०९ मध्ये फिल्मचा कारखाना काढला, तिथूनच १९३६ मध्ये आग्फाकलर ही रंगीत फिल्म बाहेर पडली. युद्धानंतर कारखाना पूर्व जर्मनीत, म्हणजे तुमच्या खोक्यावरच्या जीडीआरमध्ये, गेला आणि १९६४ पासून ‘ओरिजिनल वोल्फेन’चं ‘ऑर्वो’ झालं.

आपल्याकडं ऑर्वो एवढा पसरला त्याचं कारण डॉलर. कोडॅकची फिल्म आणायची तर परकीय चलन मोजावं लागे, आणि त्याची चणचण. पूर्व जर्मनीशी व्यापार रुपयांत चाले. म्हणून सत्तरच्या दशकातल्या कितीतरी हिंदी चित्रपटांच्या सुरुवातीच्या पाट्यांमध्ये ऑर्वोचं नाव आहे, आणि म्हणूनच तुमच्या वडिलांच्या कपाटात हे रोल.

ऐंशीच्या दशकाअखेर या कारखान्यात जवळपास १५ हजार माणसं होती, त्यांत बायका निम्म्याहून जास्त. फिल्मवर रसायनाचा थर देणं, कापणं, कडेला भोकं पाडणं, गुंडाळणं, हे सगळं अंधारात चाले, कारण उजेड लागला की माल वाया. वर्षानुवर्षं पाळीभर अंधारात हातांच्या अंदाजानं काम करणारी ती माणसं होती. त्यांचं हे कसब ट्रॉयहांडच्या ताळेबंदात कुठल्या रकान्यात बसणार होतं? कारखान्याचं सांडपाणी जुन्या कोळशाच्या खाणीत साचून झालेल्या तळ्याला लोक ‘रुपेरी तळं’ म्हणत. ते मात्र ताळेबंदात, देण्याच्या बाजूला, बरोबर बसलं. अख्ख्या कारखान्याला गिऱ्हाईक मिळालं नाही आणि १९९४ मध्ये तो मोडीत काढायचं ठरलं. एका इमारतीत आता संग्रहालय आहे, त्यात १९३० च्या दशकातली यंत्रं जागच्या जागी आहेत.

नाव संपलं नाही. १९९८ मध्ये वोल्फेनलाच निघालेल्या ‘फिल्मोटेक’ या छोट्या कंपनीनं ऑर्वोची कृष्णधवल फिल्म बनवणं चालू ठेवलं, आणि २०२२ मध्ये ‘एनसी ५००’ ही रंगीत फिल्मही जाहीर झाली.

तुमच्या रोलविषयी : चालतील, पण भरवसा धरू नका. एवढ्या वर्षांत फिल्मवर करडी झाक चढलेली असते आणि तिचा वेग उतरलेला असतो. खोक्यावर १२५ एएसए असेल. कॅमेऱ्यात २५ किंवा ३२ धरून फोटो काढा आणि धुवायला देताना जुना रोल आहे हे आवर्जून सांगा. दोन रोल आहेत तर पहिला प्रयोगावर घालवा. लग्नाबिग्नाला नेऊ नका.